बेसबॉल टीमच्या मालकांना हॉल ऑफ फेममध्ये जागा का म्हणून?

एडिसनकर
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. लाँग वीकेंडला कूपर्सटाउनला जाऊन आलो. न्यूयॉर्क राज्यात पार आत, ऑत्सेगो तळ्याच्या काठावर एवढंसं गाव, एक मेन स्ट्रीट आणि तिच्यावर बेसबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे खेळातल्या थोरांचं म्युझियम. लेक दहा वर्षांची, सॉफ्टबॉल खेळते, तिचाच हट्ट होता. तिथे एक लांबलचक गॅलरी आहे, दोन्ही भिंतींवर ब्राँझच्या पाट्या, प्रत्येकीवर चेहरा आणि खाली चार-सहा ओळींत कर्तृत्व. लेक एकेका पाटीसमोर उभी राहून होमरनचा, म्हणजे आपल्या सिक्सरचा, आकडा शोधत होती. जेकब रुपर्टच्या पाटीपाशी आली आणि विचारते, बाबा याच्या डोक्यावर टोपी का नाही? मी तोवर बघितलंच नव्हतं. बहुतेक खेळाडूंना टोपी आहे आणि हे साहेब कोट-टायमध्ये. म्हटलं अगं हा न्यूयॉर्कच्या यँकीज टीमचा मालक होता, बिअरची कंपनी होती याची. तर म्हणे, "मग याने किती होमरन मारले?"

हसलो, पण परतीच्या ड्राइव्हला डोक्यात तेच घोळत राहिलं. खेळाडूने दहा-पंधरा वर्षं खांदे-गुडघे झिजवायचे, मग पाच वर्षं थांबायचं, मग पत्रकारांच्या मतदानात ७५ टक्के मिळवायचे. मालकाने काय करायचं? चेक फाडायचा. वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांची फायनल, जिंकल्यावर ट्रॉफी पहिल्यांदा कोणाच्या हातात देतात बघा, मालकाच्या. टीमची किंमत वाढली तर फायदा त्याचाच. वर परत पाटी पण? माझं मत, म्युझियममध्ये मालकांची एखादी खोली करा, पण त्या गॅलरीत नको. तुम्हाला काय वाटतं?

टवाळ_टग्या
टोपी नाही कारण मालक लोक टोपी घालत नाहीत, दुसऱ्याला घालतात.

काकू_कोथरूड
शीर्षकात मालक वाचून धावत आले, म्हटलं घरातला विषय असेल. आमची आजी आजोबांना मालकच म्हणायची, "मालक जेवले का" वगैरे. त्यांची पाटी लावायची की नाही यावर तिचं मत फार ठाम होतं, ते इथे लिहिता येणार नाही. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण वाचतेय, चालू द्या.

आकडेमोड
एडिसनकर, एक दुरुस्ती. ७५ टक्क्यांचं पत्रकारांचं मतदान फक्त खेळाडूंसाठी. मालक, कमिशनर (लीगचा प्रमुख), मॅनेजर (आपल्याकडचा कोच), पंच यांच्यासाठी वेगळी समिती बसते, १६ जणांची, त्यात १२ मतं लागतात. आणि समितीत जुने खेळाडू, पत्रकार यांच्याबरोबर टीमचे मोठे अधिकारी आणि मालकही असतात.

आता तुमच्या लेकीचं उत्तर. रुपर्टने एकही होमरन मारला नाही पण विकत घेतले, १९२० च्या एका सीझनमध्ये ५४. ते मारणाऱ्या बेब रूथला बॉस्टनकडून एक लाख डॉलरला घेतला ना. १९२३ मध्ये यँकी स्टेडियम बांधलं. त्याच्या काळात १० वेळा लीग आणि ७ वेळा वर्ल्ड सिरीज. यँकीजचाच नंतरचा मालक स्टाइनब्रेनर, त्याच्या काळात ११ वेळा लीग आणि ७ वेळा वर्ल्ड सिरीज. रुपर्ट आत आणि स्टाइनब्रेनर बाहेर. त्याचं नाव २०१० पासून चारेक वेळा यादीत आलं आणि दर वेळी आपटलं. आता निकष काय ते तुम्हीच सांगा, मला तरी सापडत नाही.

टवाळ_टग्या
समितीत मालकही असतात म्हणजे, सासूच्या परीक्षेत सासूच परीक्षक.

जुन्नरी_मिसळ
आमच्याकडे या प्रश्नाचा निकाल कधीच लागलाय. बैलगाडा शर्यतीत पळतो बैल, घाटात जीव तोडून पळतो, आणि माइकवरून नाव कोणाचं पुकारतात? गाडामालकाचं. फेटा मालकाला, ढाल मालकाला, बैलाला फार तर गुलाल आणि संध्याकाळी थोडी जास्त पेंड. पण एक आहे, ज्याने त्या बैलाला पोटच्या पोरासारखं सांभाळलं तो मालक आणि ज्याने परवा पैसे आले म्हणून विकत आणला तो मालक यात गावाला फरक कळतो. फेटा दोघांनाही बांधतात पण बोलताना कळतं.

तमाशात पण तसंच. जुने फडमालक बहुतेक स्वतः कलावंत, रात्री स्टेजवर ढोलकी वाजवणार आणि सकाळी हिशेब करणार. त्यांचं नाव निघालं की लोक कानाला हात लावतात. नुसता तंबू आणि ट्रक घेऊन फड चालवणारा ठेकेदार कोणाला आठवतो?

फिरकी
मिसळपंत, बेसबॉलमध्ये पण फडमालक होऊन गेलेत. कोनी मॅक हा फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सचा मॅनेजर आणि भागीदारही, १९०१ ते १९५०, पन्नास वर्षं. डगआउटमध्ये युनिफॉर्म नाही, कडक कॉलरचा सूट घालून बसायचा. क्लार्क ग्रिफिथ आधी पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, २३७ मॅच जिंकलेला, मग मॅनेजर, मग वॉशिंग्टनचा मालक. चार्ल्स कोमिस्की पहिल्या बेसचा खेळाडू, नंतर शिकागो व्हाइट सॉक्सचा मालक. हे सगळे आत आहेत आणि त्यांच्याबद्दल कोणाला फारसं काही म्हणायचं नसतं. भांडण होतं ते नुसत्या पैसेवाल्यांवर.

लालबागचा_पोरगा
कोमिस्कीबद्दल म्हणायचं नसतं?? १९१९ मध्ये त्याच्याच टीमच्या लोकांनी पैसे घेऊन वर्ल्ड सिरीज हरली ती का हरली? हा चिक्कू पगार द्यायचा नाही म्हणून. खेळाडू कोर्टात निर्दोष सुटले तरी १९२१ मध्ये आठ जण जन्मभर बाहेर. त्यातला शूलेस जो जॅक्सन बाहेर आणि ज्याने ही वेळ आणली तो भिंतीवर, १९३९ पासून. नेहमीचंच आहे.

आकडेमोड
लालबाग, ही गोष्ट सगळीकडे ऐकायला मिळते पण पूर्ण खरी नाही. त्या काळची करारपत्रं नंतर अभ्यासकांनी तपासली, तर व्हाइट सॉक्सचा एकूण पगार तेव्हा लीगमध्ये वरच्या रांगेतला होता. कोमिस्की संत नव्हता, पण बाकीचे मालक काही वेगळे नव्हते. खरा घोळ रिझर्व क्लॉजचा. करार संपला तरी खेळाडू त्याच मालकाचा, मालक ठेवेल तोवर. दुसरीकडे जायचं तर मालक विकेल तेव्हाच. ही सिस्टिम १९७५ च्या शेवटी लवादाच्या निकालाने मोडली. कोमिस्की काय, मॅक काय, ग्रिफिथ काय, सगळे त्याच ताटात जेवलेले.

लालबागचा_पोरगा
पगार जास्त होता म्हणजे गुलामी कमी होती असं नाही ना. माझे वडील गिरणीत होते, ८२ च्या संपात घर कसं चाललं ते मला माहितीये, आई पापड लाटायची आणि मी पाचवीत असताना दारोदार पोचवायचो. त्यामुळे मालकाने "खेळाला योगदान दिलं" वाचलं की माझं डोकं फिरतं. मार्विन मिलरचं नाव कोणी काढलं नाही अजून. खेळाडूंच्या युनियनचा माणूस, १९६६ ते ८२. आला तेव्हा सरासरी पगार वर्षाला १९,००० डॉलरच्या आसपास, गेला तेव्हा दोन लाख चाळीस हजारांच्या घरात. याला किती वर्षं लटकवला? २०१० मध्ये एका मताने गेला, १२ लागतात आणि ११ मिळाली. त्याआधी २००८ मध्ये तो स्वतःच बोलला होता की माझं नाव यादीत घालू नका. २०१२ मध्ये वारला. २०१९ मध्ये निवडला आणि सोहळा झाला २०२१ ला. मेल्यावर साखर तोंडात.

आणि २००८ च्या बॅचमध्ये कोण गेलं? ओ'मॅली मालक, ड्रायफस मालक आणि बोवी कून, ज्या कमिशनरला मिलरने प्रत्येक फेरीत हरवला तो. म्हणजे कुस्ती हरलेल्याला गदा.

टवाळ_टग्या
कुस्ती हरलेल्याला गदा. हे वाक्य मी ऑफिसच्या अप्रेझलमध्ये वापरणार आहे, हरकत नसावी.

बोस्टनचा_भाऊ
आमच्याकडचं उदाहरण देतो. टॉम यॉकी, १९३३ मध्ये बॉस्टनची रेड सॉक्स टीम घेतली, १९७६ मध्ये जाईपर्यंत मालक. वर्ल्ड सिरीज एकही नाही. १९४६, ६७, ७५, तीनदा फायनलला गेले आणि तिन्ही वेळा सातव्या मॅचला हरले. बरं हरण्याचं एक वेळ सोडा. १९४५ मध्ये आमच्या फेनवे पार्क मैदानावर जॅकी रॉबिन्सनची ट्रायल झाली होती, फोन काही केला नाही परत. मोठ्या लीगमधली कृष्णवर्णीयांवरची बंदी मोडत रॉबिन्सन १९४७ मध्ये डॉजर्सकडून उतरला आणि रेड सॉक्समध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आला १९५९ मध्ये, पंप्सी ग्रीन. सगळ्या टीममध्ये शेवटचे आम्ही. बारा वर्षं! आणि १९८० मध्ये याला हॉल ऑफ फेम.

फेनवेबाहेरच्या रस्त्याला त्याचं नाव होतं, २०१८ मध्ये काढलं आणि पुन्हा जुनं जर्सी स्ट्रीट झालं. मी तेव्हा तिथून रोज जायचो, एक दिवस पाटी बदललेली, खाली सॉसेजवाला तोच, कांदा-मिरची परततोय तोच वास. रस्त्याची पाटी निघते, पण कूपर्सटाउनची निघत नाही. चॅरिटी मात्र त्या घराण्याने भरपूर केली, अजून त्यांच्या नावाचं फाउंडेशन आहे, हेही सांगायला हवं. इथल्या म्हाताऱ्या लोकांसमोर यॉकीला नावं ठेवून बघा, चहा मिळणार नाही.

वैनीसाहेब_बे_एरिया
माझं मत तुम्हाला आधीच कळलं असेल, मी ओकलंडची, अ‍ॅथलेटिक्सवाली. टीम उचलून नेणाऱ्या मालकाला पाटी तर सोडाच, पाणी पण विचारू नये. २०२३ च्या १३ जूनला "उलटा बॉयकॉट" केला होता लोकांनी, म्हणजे टीमवर राग नाही मालकावर आहे हे दाखवायला मुद्दाम स्टेडियम भरायचं. २७ हजारांवर लोक, सगळ्यांच्या अंगात हिरवे टीशर्ट आणि त्यावर एकच शब्द, विका! आमचे हे मंगळवारी संध्याकाळी कधी घराबाहेर पडत नाहीत, ते पण आले, ढोल वाजवणाऱ्यांच्या शेजारी उभे राहून घसा बसेपर्यंत ओरडले. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये हाताने खुणा करत होते. काय झालं? २०२४ च्या २६ सप्टेंबरला शेवटची मॅच, टीम गेली सॅक्रामेंटोला, पुढे लास व्हेगासला जाणारे. ५७ सीझन काढलेले हो त्या गावात.

फिरकी
वैनी, मग वॉल्टर ओ'मॅलीचं काय म्हणाल? त्याने १९५७ नंतर ब्रुकलिनची डॉजर्स उचलून लॉस एंजेलिसला नेली, दोनच वर्षं आधी, १९५५ ला, ती पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकलेली. तो आत आहे. पण त्याच्यामुळेच तर बेसबॉल देशभराचा खेळ झाला, नाहीतर पश्चिम किनाऱ्यावर मोठी लीग नव्हतीच. १९७८ मध्ये वर्षाला ३० लाख प्रेक्षकांचा टप्पा पहिल्यांदा डॉजर्सनी गाठला.

वैनीसाहेब_बे_एरिया
हो का. मग ब्रुकलिनच्या बायाबापड्यांनी टाळ्या वाजवायच्या?

एडिसनकर
ब्रुकलिनला माझा एक सहकारी आहे, सत्तरीचा, त्याचा बाप ओ'मॅलीचं नाव घरात घेऊ द्यायचा नाही. पण ओ'मॅलीला ब्रुकलिनमध्येच नवं स्टेडियम बांधायचं होतं, अटलांटिक आणि फ्लॅटबुश अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, आणि रॉबर्ट मोझेस नावाच्या सरकारी सर्वेसर्वाने जागा दिली नाही. तो मोझेस पण दोषीच.

लालबागचा_पोरगा
आणि लॉस एंजेलिसला स्टेडियम कुठे झालं? चावेझ रवीन. तिथली मेक्सिकन कुटुंबं आधी सरकारी घरं बांधायची म्हणून हलवली, ती घरं झालीच नाहीत, आणि १९५९ मध्ये उरलेल्यांना पोलिसांनी उचलून बाहेर काढलं. १९६२ मध्ये स्टेडियम उघडलं. गिरणगावात टॉवर बघणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

सदू_पाटीवाला
एक शंका. आपल्याकडे वानखेडे स्टेडियम आहे ते खेळाडूच्या नावाने नाही, क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षांच्या नावाने आहे. ब्रेबॉर्नच्या क्लबशी तिकिटांवरून बिनसलं म्हणून हट्टाने पलीकडेच स्वतःचं स्टेडियम उभं केलं, १९७५ मध्ये पहिली टेस्ट. तिथे कोणी विचारतं का की वानखेड्यांनी किती सेंच्युऱ्या मारल्या?

टवाळ_टग्या
सदू, तुम्ही पाट्यांचेच तज्ज्ञ. कूपर्सटाउनला दुपारी १ ते ४ बंद अशी पाटी लावली असती तर एडिसनकरांच्या लेकीने हा प्रश्न विचारलाच नसता.

जुन्नरी_मिसळ
कोल्हापूरला खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधलं, १९१२ ला. पैलवानांना खुराक दिला, तालमी दिल्या. त्यांनी स्वतः किती कुस्त्या मारल्या हा मुद्दाच नाही. पण ते आश्रयदाते, मैदानाची तिकिटं विकून घर भरणारे नव्हेत. मालक आणि आश्रयदाता हे दोन शब्द वेगळे ठेवा एवढंच म्हणणं.

फिरकी
माझ्या लाडक्या मालकाला अजून कोणी हात लावला नाही म्हणून लिहितो. बिल वीक. १९९१ मध्ये आत गेला. दुसऱ्या महायुद्धात पायाला जखम झाली, पुढे पाय काढावा लागला, तर लाकडी पायात भोक पाडून अ‍ॅशट्रे करून घेतला. बोलता बोलता सिगरेट स्वतःच्या पायात विझवायचा.

१९५१ मध्ये सेंट लुईस ब्राउन्स ही भिकार टीम त्याच्याकडे होती. १९ ऑगस्टला एडी गेडेल नावाचा ३ फूट ७ इंचाचा माणूस बॅटिंगला पाठवला, पाठीवर नंबर एक अष्टमांश. पंच म्हणाला हे काय, तर मॅनेजरने खिशातून रीतसर करारपत्र काढून दाखवलं. पिचरला एवढासा स्ट्राइक झोन, म्हणजे बॉल टाकायची वैध चौकट, हसू आवरेना, चारही बॉल वर गेले आणि नियमाप्रमाणे गेडेल चालत पहिल्या बेसवर. पुढच्याच आठवड्यात प्रेक्षकांना हो-नाहीचे फलक वाटले आणि बंट करायचा, म्हणजे बॉल नुसता हळूच ढकलायचा, की नाही, पिचर बदलायचा की नाही ते गर्दीला विचारून ठरवलं. ती मॅच जिंकले, ५-३!

पण सर्कस एवढंच नाही. १९४७ मध्ये क्लीव्हलँडला लॅरी डोबीला आणलं, अमेरिकन लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. आणि १९७० मध्ये कर्ट फ्लड हा खेळाडू रिझर्व क्लॉजविरुद्ध कोर्टात गेला तेव्हा त्याच्या बाजूने साक्ष द्यायला हा माणूस उभा राहिला, मालकांच्या विरोधात! लालबाग, याला तरी पाटी मंजूर करा.

लालबागचा_पोरगा
याला मंजूर. फ्लडला अजून पाटी नाही हे पण लिहा मग.

आकडेमोड
वीकचं कौतुक चाललंय तर १९७९ ची डिस्को नाइट पण सांगा की. व्हाइट सॉक्सच्या मैदानावर दोन मॅचच्या मध्ये डिस्कोच्या रेकॉर्ड्स बॉम्बने उडवल्या, लोक मैदानात घुसले, गवत जळालं आणि दुसरी मॅच सोडून द्यावी लागली. तो पण वीकच. आणि नुसती ट्रॉफी मोजायची तर चार्ली फिनली कुठाय? १९७२, ७३, ७४, ओकलंडला लागोपाठ तीन वर्ल्ड सिरीज. खेळाडूंना मिशा वाढवायचे ३०० डॉलर द्यायचा.

वैनीसाहेब_बे_एरिया
फिनली राहू दे बाहेरच. १९७३ च्या फायनलमध्ये माइक अँड्र्यूजकडून बाराव्या इनिंगला दोन चुका झाल्या, तर मॅचनंतर त्याच्याकडून खांदा दुखावल्याच्या खोट्या कागदावर सही घेतली, टीममधून काढायला. टीममेट चिडले, कमिशनरने परत घ्यायला लावलं. पुढे चौथ्या मॅचमध्ये तो बॅटिंगला आला तेव्हा न्यूयॉर्कचं पब्लिक, म्हणजे समोरच्या टीमचं पब्लिक, उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

मिशांवरून आठवलं, स्टाइनब्रेनरच्या टीममध्ये दाढीला बंदी होती ना? ती आत्ता २०२५ मध्ये उठवली म्हणे त्याच्या मुलाने.

टवाळ_टग्या
म्हणजे एका मालकाकडे मिशीला बोनस आणि दुसऱ्याकडे दाढीला बंदी. न्हाव्याला हॉल ऑफ फेम द्या, प्रश्न मिटला.

चौथी_घंटा
मी या आयडीने फारशी लिहीत नाही पण राहवत नाही. एवढ्या प्रतिसादांत एकाही गड्याला एफा मॅनली आठवली नाही. हॉल ऑफ फेममधली एकमेव बाई, २००६ पासून. न्यूअर्क ईगल्सची मालकीण, निग्रो लीगमधली, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगमधली टीम. नवरा एब मॅनली खेळाडू शोधायचा आणि करार, पगार, वेळापत्रक, बस, सगळं ही. १९४६ मध्ये त्यांची टीम चॅम्पियन झाली. त्याच टीममधून डॉन न्यूकम डॉजर्सने उचलला, एक छदाम न देता. निग्रो लीगच्या टीमला भरपाई द्यायची असते हेच मोठ्या लीगवाल्यांना मान्य नव्हतं. फिरकी, तुमच्या वीकने डोबीला घेतलं ना, ते हिच्याकडून. हिने भांडून १५,००० डॉलर घेतले, आणि तिथून मग पायंडा पडला की अशा टीमला काहीतरी द्यायचं. पण व्हायचं ते झालंच. चांगले खेळाडू गेले, प्रेक्षक त्यांच्या मागे गेले, १९४८ नंतर मॅनलींनी टीम विकली. ज्या गोष्टीसाठी आयुष्यभर भांडली ती झाली, आणि झाली म्हणून हिचा धंदा बसला.

आता गंमत ऐका. एडिसनकर, न्यूअर्क तुमच्यापासून अर्ध्या तासावर. ईगल्स तिथे ज्या स्टेडियमवर खेळायची त्याचं नाव काय? रुपर्ट स्टेडियम. तुमच्या लेकीच्या बिनटोपीवाल्याचं! यँकीजची खालच्या लीगची टीम न्यूअर्क बेअर्स तिथे खेळायची, तीही रुपर्टची. म्हणजे तो घरमालक आणि एफा भाडेकरू. तिच्या टीमला त्याच्या मैदानावर भाडं भरून खेळता यायचं, पण तिच्या एकाही पोराला त्याच्या टीममध्ये खेळता येत नव्हतं. यँकीजमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू एल्स्टन हॉवर्ड, १९५५. आज दोघं एकाच गॅलरीत. मालक म्हणून दोघांना एकाच मापाने कसं मोजणार?

एडिसनकर
चौथी घंटा, हे मला अजिबात माहीत नव्हतं. न्यूअर्कला आठवड्यातून दोनदा ट्रेन बदलतो मी.

बोस्टनचा_भाऊ
वा! याला म्हणतात प्रतिसाद. चौथी घंटा, लिहीत जा हो.

आकडेमोड
२००६ ची ती बॅच म्हणजे निग्रो लीगमधले आणि त्याआधीच्या काळातले १७ जण एकदम घेतले होते. त्यातला जे. एल. विल्किन्सन, कॅन्सस सिटी मोनार्क्सचा मालक. १९३० मध्ये ट्रकवर खांब, खांबांवर दिवे आणि एक जनरेटर घेऊन गावोगाव रात्रीच्या मॅच करायचा. मोठ्या लीगमध्ये पहिली नाइट मॅच झाली १९३५ ला. मिसळपंत, हा तुमचा खरा तंबूवाला फडमालक.

आणि त्याच बॅचमध्ये अलेक्स पोंपेझ, न्यूयॉर्क क्यूबन्सचा मालक. हार्लेममध्ये नंबर्स चालवायचा, म्हणजे आपला मटका. सरकारी वकील मागे लागला तेव्हा मेक्सिकोला पळाला, मग परत येऊन माफीचा साक्षीदार. नंतर जायंट्स या मोठ्या लीगमधल्या टीमसाठी डॉमिनिकन रिपब्लिक, पोर्टो रिको, क्यूबामधले खेळाडू शोधायचा.

सदू_पाटीवाला
मटकाकिंग हॉल ऑफ फेममध्ये आणि बेटिंग केलं म्हणून पीट रोझ बाहेर? ४२५६ हिट्स मारलेला माणूस?

आकडेमोड
रोझवरची बंदी मे २०२५ मध्ये उठली, तो गेल्यावर. जो जॅक्सनचीही त्याच दिवशी. पण मटक्याचं म्हणाल तर, बँका काळ्या माणसाला कर्ज देत नव्हत्या तेव्हा टीम चालवायला रोकड होती कोणाकडे? मटकेवाल्यांकडेच. आपल्याकडे किती गणपतींची आरास कोणाच्या पैशाने झाली ते लालबागला विचारा.

लालबागचा_पोरगा
नो कॉमेंट्स.

काकू_कोथरूड
मला बेसबॉल कळायला लागलंय की काय? चहा दोनदा गार झाला. पण मूळ प्रश्न राहिला की. त्या स्टाइनब्रेनरला घ्यायचं की नाही?

फिरकी
काकू, माझं हो. १९७३ मध्ये साधारण एक कोटी डॉलरला घेतली टीम, आज अब्जावधींची आहे, पण मुद्दा तो नाही. मिळाला पैसा की परत खेळाडूंवर ओतायचा. आजचे निम्मे मालक टीव्हीचे पैसे खिशात घालून बसतात, हरलं तरी फायदा.

बोस्टनचा_भाऊ
माझं नाही, आणि मी बॉस्टनचा आहे म्हणून नाही. राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या प्रचाराला बेकायदा पैसे दिले, १९७४ मध्ये निलंबित. १९९० मध्ये आणखी वाईट, डेव्ह विनफिल्ड या स्वतःच्याच खेळाडूची कुलंगडी काढायला एका जुगाऱ्याला ४०,००० डॉलर दिले. स्वतःच्या खेळाडूची! तहहयात बंदी घातली आणि १९९३ मध्ये परत घेतला. बिली मार्टिनला पाच वेळा मॅनेजर केलं आणि पाचही वेळा बिनसलं, हा काय मालक म्हणायचा की घटस्फोटित नवरा.

लालबागचा_पोरगा
फिरकीशी पहिल्यांदाच सहमत. तुरळक मालकांपैकी एक ज्याने पगार वाढवले. बाकीच्यांनी काय केलं, १९८५ ते ८७ मध्ये आपसात ठरवून दुसऱ्याच्या खेळाडूंना बोली लावायचीच नाही असं केलं, पकडले गेले आणि २८ कोटी डॉलर भरले. त्या टोळीत मिलवॉकीचा मालक म्हणून बड सेलिग होता. पुढे कमिशनर झाला, त्याच्या काळात स्टेरॉइड्सचा धुमाकूळ झाला, आणि तो २०१७ मध्ये आत. स्टेरॉइड्सचा ठपका असलेले खेळाडू बाँड्स आणि क्लेमेन्स बाहेर. इंजेक्शन घेणारा दोषी आणि ज्याच्या दुकानात ते चाललं तो सन्माननीय.

आकडेमोड
त्यावरून आठवलं, एडिसनकर, तुमचा रुपर्ट कोणत्या साली आत गेला? २०१३. बाँड्स-क्लेमेन्स पहिल्यांदा मतदानाला आले ते वर्ष, पत्रकारांनी एकालाही निवडलं नाही. समितीने तिघे पाठवले, रुपर्ट, एक पंच आणि एक एकोणिसाव्या शतकातला खेळाडू. तिघांनाही जाऊन सत्तरहून जास्त वर्षं झालेली. जुलैच्या सोहळ्याला भाषण करायला जिवंत मानकरी कोणी नाही. मालक पाटीवर येतो तो असा, जिवंतांवर एकमत झालं नाही की.

एडिसनकर
सगळं वाचलं, काही दोनदा. धागा काढताना म्हटलं होतं मालक नकोतच. आता म्हणतो एफा मॅनली, वीक आणि तो दिव्यांच्या ट्रकवाला राहू देत. यॉकीची पाटी उतरवा. स्टाइनब्रेनरचं मला अजून कळत नाही, यँकीजवाला असल्यामुळे माझं मत धरू नका. रुपर्टचं घोडं अडलंय. काल लेकीला न्यूअर्कच्या स्टेडियमची गोष्ट सांगितली, ती म्हणाली मग त्या बाईने त्याला भाडं किती दिलं? हे आता मी कुठून शोधू.

चौथी_घंटा
ती मोठी होऊन आकडेमोड होणार.

सदू_पाटीवाला
एडिसनकर, आम्ही पण जुलैत जायचं म्हणतोय, पार्किंगचं कसं असतं?

एडिसनकर
जुलैच्या शेवटच्या वीकेंडला जाऊ नका, सोहळा असतो, मुंगी शिरायला जागा नसते आणि हॉटेलं आसपासच्या तीन गावांत भरलेली. एरवी उन्हाळ्यात गावाबाहेरच्या लॉटमध्ये गाडी लावायची आणि ट्रॉली पकडायची. मी शहाणपणा करून मेन स्ट्रीटवर जागा शोधत पाऊण तास फिरलो. पराठे घेऊन जा, तळ्याकाठी बसून खाता येतात.

टवाळ_टग्या
त्या पार्किंगच्या लॉटचा मालक कोण? त्याची पाटी आधी लावा.